अवजड वाहन रस्त्यात बंद पडते तेव्हा...

५ जून २०१६ ची पहाट. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, पनवेलजवळच्या शेडुंगच्या हद्दीत एका मोटारीचे चाक पंक्चर झाले आणि ती मुंबईकडे येणाऱ्या मार्गिकेच्या कडेला थांबली. तिच्या मदतीला आणखी एक मोटार थांबली. साताऱ्याहून मुंबईकडे निघालेली खासगी प्रवासी बस या दोन्ही मोटारींवर आदळली आणि रस्त्याखालच्या खड्ड्यात कोसळली. १७ जणांचे प्राण गेले.

पंक्चर ही वाहनाच्या आयुष्यातील अगदी किरकोळ घटना. त्या पहाटे प्राण गेले ते पंक्चरमुळे नव्हे, तर वेगाने धावणाऱ्या रस्त्यावर दोन वाहने स्थिर उभी होती म्हणून. एका मोटारीच्या बाबतीत हे घडू शकते, तर चाळीस फुटी कंटेनर लादलेला ट्रेलर एक्सल तुटून मधल्याच मार्गिकेत बसला की काय होत असेल, याची कल्पना करता येईल. मोटार चार माणसे ढकलून बाजूला घेतात. पन्नास टनांचे वाहन मात्र क्रेन येईपर्यंत आहे तिथेच राहते.

‘टोइंग’ म्हटले की शहरी वाचकाला आठवते ती नो-पार्किंगमधून दुचाकी उचलणारी वाहतूक पोलिसांची गाडी. प्रस्तुत लेखाचा विषय तो नाही. बंद पडलेली, अपघातग्रस्त किंवा उलटलेली अवजड वाहने रस्त्यावरून हलविणारी व्यवस्था नवी मुंबईत कशी चालते, ती कोणाच्या अखत्यारीत येते आणि वाहनधारकाने तिच्याशी व्यवहार कसा करावा, याची माहिती येथे देण्याचा प्रयत्न आहे.

ओझ्यांचे शहर

नवी मुंबईची निर्मिती मुंबईचा भार हलका करण्यासाठी झाली. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. माणसांबरोबर मुंबईचे ओझेही खाडी ओलांडून इकडे आले. घाऊक बाजारपेठा वाशी-तुर्भ्यात आल्या, लोखंड-पोलादाचा बाजार कळंबोलीत वसला, ठाणे-बेलापूर आणि तळोजा येथे औद्योगिक पट्टे उभे राहिले आणि १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. या प्रत्येकाचा माल रस्त्यानेच ये-जा करतो. त्यामुळे इथल्या रस्त्यांवर नोकरदाराची छोटी मोटार आणि पोलादाच्या गुंडाळ्या लादलेला ट्रेलर एकमेकांना खेटून चालतात. कळंबोलीच्या चौकात तर शीव-पनवेल महामार्ग, द्रुतगती मार्गाचा प्रारंभ, जेएनपीटीकडे जाणारा रस्ता आणि तळोजा-मुंब्र्याकडची वाहतूक एकत्र येते. त्या चौकात एक ट्रेलर बंद पडला, तर त्याचा परिणाम कामोठे-खारघरपर्यंत जाणवायला फार वेळ लागत नाही.

त्यातच वाहनांचे अधिकृत वजनही वाढले आहे. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने आसभाराच्या मर्यादा वाढविल्या. चार टायरांच्या एकेरी आसावर १०.२ टनांऐवजी ११.५ टन भार घेण्यास मुभा मिळाली आणि जोडवाहनाच्या एकूण वजनाची कमाल मर्यादा ४९ वरून ५५ टनांवर गेली. मालवाहतूकदारांच्या दृष्टीने हा निर्णय फायद्याचा होता. क्रेनवाल्यांच्या दृष्टीने मात्र उचलायचे ओझे तेवढे जड झाले.

वाहने बंद पडण्यालाही ऋतुमान असते. उन्हाळ्यात खंडाळ्याचा चढ चढताना इंजिने तापतात, क्लच जळतात. पावसाळ्यात उड्डाणपुलांच्या तोंडाशी पडलेल्या खड्ड्यांत पाटे आणि एक्सल तुटतात. घाट उतरताना डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची वाईट सवय अनेक चालकांना आहे. तसे केल्यास सारा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि नेमक्या वेळी लागत नाहीत. बोरघाटातील कित्येक अपघातांच्या मुळाशी हेच असते आणि महामार्ग पोलीस वर्षानुवर्षे त्याबद्दल बजावीत आले आहेत.

रस्ता कोणाचा, त्यावर मदत कोणाची

नवी मुंबईत मदत मागताना पहिली अडचण येते ती रस्त्याच्या मालकीची. एकाच प्रवासात आपण चार-पाच यंत्रणांच्या हद्दी ओलांडतो आणि त्याचा पत्ताही लागत नाही. शीव-पनवेल महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा आहे. ठाणे-बेलापूर रस्ता आणि पाम बीच मार्ग नवी मुंबई महापालिकेकडे आहेत. जेएनपीटीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या अखत्यारीत येतो. द्रुतगती मार्ग महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाचा, तर १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला अटल सेतू मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा. एमआयडीसीचे अंतर्गत रस्ते आणि सिडकोच्या नव्या नोडांतील रस्ते आणखी वेगळे.

हा तपशील केवळ प्रशासकीय नाही. टोल असलेल्या आणि ठेकेदारामार्फत चालविल्या जाणाऱ्या रस्त्यांवर गस्तीची वाहने, रुग्णवाहिका आणि क्रेन ठेवणे हा कराराचाच भाग असतो. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांक फिरविला की ही यंत्रणा हलते. द्रुतगती मार्गावर महामार्ग पोलीस, ठेकेदाराची गस्त आणि ‘देवदूत’ या नावाने ओळखले जाणारे बचाव पथक असते. खोपोली परिसरातील ‘अपघातग्रस्तांच्या मदतीला’ ही स्वयंसेवकांची संस्थाही घाटातील अपघातांत धावून जाते आणि तिचे काम पाहिलेल्या कोणालाही तिच्याविषयी आदरच वाटेल. याउलट शहराच्या आतील रस्त्यावर, समजा महापे किंवा तुर्भे येथे, ट्रेलर बंद पडला तर अशी ठरलेली यंत्रणा हजर नसते. तिथे वाहतूक पोलीस येतात, प्रसंगी क्रेन मागवितात, पण वाहन हलविण्याची आणि खर्चाची जबाबदारी शेवटी वाहनमालकावरच येते.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. टोलरस्त्यावरील क्रेनचे काम मार्गिका मोकळी करण्याचे असते, गाडी गॅरेजपर्यंत पोहोचविण्याचे नव्हे. ती वाहन कडेच्या सुरक्षित जागेत किंवा जवळच्या थांब्यापर्यंत आणून सोडते. पुढची सोय मालकाने स्वतः करायची. “टोल भरला आहे, मग गाडी घरापर्यंत का नेत नाही?” असा वाद घालण्यात भर रस्त्यात बहुमोल वेळ जातो.

रस्ता कोणाचा हे कळत नसेल, तर ११२ हा आपत्कालीन क्रमांक आहेच. फोनवर सांगायची सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे नेमके ठिकाण. “पनवेलच्या पुढे कुठेतरी” हे उत्तर कोणाच्याच उपयोगाचे नाही. कडेच्या दगडावरचा किलोमीटर क्रमांक आणि आपण मुंबई मार्गिकेवर आहोत की पुणे मार्गिकेवर, या दोन गोष्टी सांगितल्या की पुरे. द्रुतगती मार्गावर दुभाजक ओलांडून पलीकडे जाता येत नाही. चुकीची मार्गिका सांगितली तर क्रेनला पुढच्या फाट्यापर्यंत जाऊन परत फिरावे लागते.

क्रेन म्हणजे केवळ ताकद नव्हे

कळंबोली, जेएनपीटी रस्ता, तळोजा या भागांत ‘क्रेन सर्व्हिस, २४ तास’ अशा पाट्या जागोजागी दिसतात. त्यातले बहुतेक व्यवसाय एक-दोन यंत्रांवर चालणारे, कुटुंबाने चालविलेले असतात. त्यांच्याकडे प्रामुख्याने आढळते ती ‘हायड्रा’. हे खरे तर एका कंपनीच्या क्रेनचे नाव, पण आता ओझे उचलून ते तसेच घेऊन चालणाऱ्या सगळ्याच क्रेनना ते चिकटले आहे. हायड्रा वळते चपळाईने आणि अरुंद जागेत शिरते. तिची मर्यादा मात्र समजून घेतली पाहिजे. १४ टनी क्रेन म्हणजे कोणत्याही स्थितीत १४ टन उचलणारी क्रेन नव्हे. ही क्षमता बूम आखडलेली आणि ओझे अगदी जवळ असतानाची असते. बूम जसजशी लांब जाते, तसतशी उचलण्याची ताकद झपाट्याने घटते. हा हिशेब न करता लांबून ओझे ओढू पाहणारी क्रेन स्वतःच पुढे कलते.

दुसरा प्रकार टोइंग ट्रकचा. अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा येथील गॅरेजमालक अर्नेस्ट होम्स यांनी १९१६ मध्ये अशी पहिली गाडी तयार केली असे मानले जाते. ओढ्यात पडलेली मित्राची मोटार दोर, ठोकळे आणि माणसांच्या बळावर बाहेर काढताना झालेल्या दमछाकीतून त्यांना ही कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. आज अवजड वाहनांसाठी ‘अंडरलिफ्ट’ वापरतात. पोलादी बाहू वाहनाच्या पुढच्या आसाखाली सरकवून ती बाजू उचलायची आणि मागच्या चाकांवर वाहन ओढत न्यायचे. मोटारींसाठी फ्लॅटबेड, म्हणजे सपाट पाठीची गाडी, सर्वांत सुरक्षित. ऑटोमॅटिक गिअरच्या आणि विजेवर चालणाऱ्या मोटारी तर फ्लॅटबेडवरूनच न्याव्यात. फिरती चाके जमिनीवर ठेवून त्या ओढल्या, तर गिअरबॉक्स किंवा मोटर निकामी होऊ शकते.

ट्रकच्या बाबतीतही हाच धोका असतो, पण तो अनेकांच्या लक्षात येत नाही. इंजिन बंद असताना गिअरबॉक्समधील तेल सर्व भागांपर्यंत पोहोचत नाही. मागची चाके मात्र फिरत असतात आणि ती प्रॉपेलर शाफ्टमार्फत गिअरबॉक्सचे दाते फिरवीत राहतात. काही किलोमीटर असे ओढल्यावर क्लचच्या दुरुस्तीसाठी निघालेल्या ट्रकचा गिअरबॉक्सही उघडावा लागतो. म्हणून जाणकार कारागीर ओढण्यापूर्वी शाफ्ट सोडवितो किंवा मागचे एक्सल बाहेर काढतो. या कामाला अर्धा तास लागतो. तो वाचविण्यासाठी घाई करणारा मालक पुढे मोठ्या खर्चात पडतो.

एअर ब्रेकची गंमत आणखी वेगळी. मोटारीचा ब्रेक दाबला की लागतो. अवजड वाहनाचा पार्किंग ब्रेक स्प्रिंगच्या जोराने सदैव लागलेलाच असतो आणि हवेच्या दाबाने तो सोडवून धरलेला असतो. हवेची नळी फुटली किंवा इंजिन बंद राहून टाकीतील हवा उतरली, की चाके आपोआप जखडतात. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही रचना योग्यच आहे, पण त्यामुळे असे वाहन नुसते ओढून हलत नाही. एक तर ओढणाऱ्या गाडीतून नळी जोडून हवा भरावी लागते, नाही तर प्रत्येक चाकाजवळचा बोल्ट फिरवून स्प्रिंग आवळून धरावी लागते. असे मोकळे केलेले वाहन उतारावर असेल, तर त्याला रोखून धरणारे काहीच उरत नाही. चाकामागे लाकडी ठोकळे लावल्याशिवाय या कामाला हात घालायचा नसतो, हे क्रेनवरच्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवितात.

उलटलेले वाहन

उभ्या वाहनाला ओढणे आणि आडव्या झालेल्या वाहनाला उभे करणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. उलटलेला ट्रक सरळ करायला सुरुवातीला त्याच्या वजनाच्या साधारण निम्मे बळ लागते, कारण एक बाजू जमिनीवर टेकलेली असते. खरी कसोटी पुढे असते. गाडी तोलबिंदू ओलांडते, त्या क्षणी ती उरलेल्या वेगाने चाकांवर आदळते आणि दुसऱ्या बाजूला कलंडू शकते. म्हणून एका क्रेनने ओढायचे आणि दुसऱ्या बाजूने दुसरीने तोलून धरायचे, असे दोन यंत्रांचे काम एकाच माणसाच्या इशाऱ्यावर चालते. पट्टे चासीच्या मुख्य तुळयांना बांधायचे, केबिनला किंवा बॉडीच्या फळ्यांना नव्हे. ताणलेला लोखंडी दोर तुटला तर तो चाबकासारखा फिरतो. दोराच्या रेषेत उभे राहून मोबाइलवर चित्रीकरण करणाऱ्यांना याची जाणीव नसते.

शक्य असेल तेव्हा आधी माल उतरवावा, असा साधा नियम. पण नवी मुंबईत तो पाळणे नेहमी सोपे नसते. बंदरातून निघालेल्या कंटेनरला सीमाशुल्क विभागाचे सील असेल, तर तो परवानगीशिवाय रस्त्यावर उघडता येत नाही. चाळीस फुटी कंटेनर मालासह ३० टनांपर्यंत भरतो. तो ट्रेलरला चार कोपऱ्यांतील फिरत्या कुलपांनी जखडलेला असतो. कुलपे लावलेली असतील तर वळणावर ट्रेलरसकट सारे उलटते, लावलेली नसतील तर एकटा कंटेनर रस्त्यावर पडतो. दुसरा प्रकार शेजारून जाणाऱ्या मोटारीसाठी अधिक भयंकर असतो. पोलादाच्या गुंडाळ्यांचीही तीच कथा. साखळी तुटली की कित्येक टनांची गुंडाळी रस्त्यावर घरंगळत सुटते.

भाजीपाला, खाद्यतेल किंवा कोंबड्या घेऊन जाणारे वाहन उलटले की माल पळविण्यासाठी गर्दी होते. त्याविषयी काय लिहावे? मदतीसाठी आलेल्या क्रेनला उभे राहायला जागा मिळत नाही, एवढे तरी त्या गर्दीने ध्यानात घ्यायला हवे.

रसायने आणि वायू वाहून नेणाऱ्या टँकरच्या बाबतीत क्रेनने सर्वांत शेवटी यायचे असते. १३ जून २०२३ रोजी लोणावळ्याजवळ कुणे पुलावर ज्वलनशील रसायनाच्या टँकरला अपघातानंतर आग लागली. पेटते रसायन पुलाखालच्या रस्त्यावर सांडले आणि चार जणांचा मृत्यू झाला. फेब्रुवारी २०२६ च्या पहिल्या आठवड्यात आडोशी बोगद्याजवळ प्रोपिलीन वायूचा टँकर उलटला, तेव्हा द्रुतगती मार्गावरील वाहतूक तीस तासांहून अधिक काळ कोलमडली. हजारो प्रवासी पाण्या-अन्नावाचून अडकले आणि “साधा एक टँकर उचलायला इतका वेळ?” असा संताप सर्वत्र व्यक्त झाला. प्रवाशांचा संताप रास्तच होता, कारण अडकलेल्यांना वेळीच माहिती, पाणी आणि मागे फिरण्याची वाट मिळायला हवी होती. टँकर लगेच उचलला गेला नाही, याबद्दल मात्र दोष देणे कठीण आहे. प्रोपिलीन हवेपेक्षा जड असते. गळती झाली की ते सखल जागी साचून राहते आणि एखादी ठिणगीही त्याला पुरते. पोलादी पट्टा टाकीवर घासला तरी ठिणगी उडते. त्यामुळे आधी गळती आटोक्यात आणायची, वायू दुसऱ्या टँकरमध्ये भरून घ्यायचा आणि मगच रिकामी टाकी हलवायची, हाच क्रम असतो. तो मोडला तर काय होऊ शकते, हे कुणे पुलाने दाखविले होते.

टँकरच्या मागे आणि बाजूला केशरी चौकटीत एक क्रमांक लिहिलेला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीनुसार तो पदार्थाची ओळख सांगतो. एलपीजीसाठी १०७५, प्रोपिलीनसाठी १०७७, मिथेनॉलसाठी १२३०. अपघात पाहणाऱ्याने सुरक्षित अंतरावरून वाचता आला, तर हा क्रमांक फोनवर सांगावा. त्यावरून अग्निशमन दलाला पाणी मारायचे की फेस, हे येण्यापूर्वीच ठरविता येते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांनी परस्पर मदतीसाठी उभारलेला ‘मार्ग’ हा गट अशा प्रसंगी तज्ज्ञ आणि साधने पुरवितो. शहरातल्या फार थोड्या रहिवाशांना त्याचे नाव ठाऊक असेल.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२२ नुसार धोका किंवा अडथळा निर्माण होईल अशा स्थितीत वाहन सार्वजनिक जागी ठेवता येत नाही. कलम १२७ अन्वये दहा तासांहून अधिक काळ बेवारस सोडलेले वाहन हलविण्याचा अधिकार गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याला आहे. वाहनामुळे वाहतुकीला धोका होत असेल, तर दहा तास थांबण्याचीही गरज नाही. ओढून नेण्याचा खर्च मालकावर. कलम २०१ मध्ये पूर्वी नादुरुस्त वाहनाने रस्ता अडविल्यास तासाला ५० रुपये दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो ५०० रुपयांपर्यंत गेला. अपघातग्रस्त वाहनाला हा दंड पाहणीचे सोपस्कार पूर्ण झाल्यानंतरच लागू होतो. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ मध्येही सार्वजनिक रस्त्यावर अडथळा करणाऱ्यास ५ हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

एका वाहनाने दुसरे ओढण्याविषयीही नियम आहेत. १९८९ च्या रस्ता नियमांनी दोन वाहनांतील अंतर पाच मीटरहून अधिक नको आणि वेग ताशी २४ किलोमीटरहून अधिक नको, अशी मर्यादा घातली होती. २०१७ मध्ये त्यांच्या जागी नवे विनियम आले, पण कमी अंतर, मंद गती आणि मागे ठळक सूचना हे तत्त्व तेच राहिले. आपल्याकडे मात्र रात्रीच्या वेळी काथ्याच्या दोराने ‘टोचन’ करून, मागे दिवाही न लावता ट्रक ओढत नेणारे महाभाग आजही दिसतात. शंभरच्या वेगाने जाणाऱ्या वाहनांच्या रस्त्यावर ताशी वीसच्या गतीने चालणारे जोडवाहन उभ्या वाहनाइतकेच घातक असते.

पैशाचा प्रश्न

खासगी क्रेनचे दर ठरलेले नाहीत. वाहनाचे वजन, भरलेले की रिकामे, उभे की उलटलेले, दिवस की रात्र, किती यंत्रे आणि किती अंतर, यावर रक्कम ठरते. रात्री दोन वाजता घाटात अडकलेला परगावचा चालक घासाघीस करण्याच्या स्थितीत नसतो, हे दोन्ही पक्षांना ठाऊक असते. यातून गैरप्रकार घडत नाहीत असे म्हणता येणार नाही. त्यावर उपाय एकच. काम सुरू होण्यापूर्वी एकूण रक्कम, गाडी कुठे पोहोचवायची ते ठिकाण आणि थांबण्याच्या वेळेचा आकार, या तिन्ही गोष्टी मोबाइलवर लिखित स्वरूपात घ्याव्यात. क्रेनचा विमा आणि योग्यता प्रमाणपत्र विचारायला संकोच करू नये. उचलताना वाहनाचे किंवा मालाचे नुकसान झाले, तर भरपाई कोण देणार, हा प्रश्न त्यावरच अवलंबून असतो. बाजूही ऐकली पाहिजे. लाखो रुपयांचे यंत्र, त्याचे हप्ते आणि आठवडाभर एकही काम नाही, असे दिवस क्रेनमालकालाही काढावे लागतात.

विम्याविषयी तर सार्वत्रिक अज्ञान आहे. २००२ च्या मोटार दरपत्रकाने घालून दिलेल्या प्रमाणित पॉलिसीत अपघातानंतर वाहन जवळच्या दुरुस्तीकेंद्रात नेण्याचा खर्च मिळतो, पण त्याला मर्यादा आहे. खासगी मोटारीसाठी १,५०० रुपये, टॅक्सीसाठीही तेवढेच आणि ट्रकसारख्या व्यापारी वाहनासाठी २,५०० रुपये. उलटलेला ट्रेलर दोन क्रेन लावून उभा करण्याच्या खर्चापुढे २,५०० रुपये म्हणजे दर्यामें खसखस. जादा हप्ता भरून ही मर्यादा वाढविता येते, पण फार थोडे मालक तसे करतात. शिवाय हा खर्च अपघाताचाच. क्लच जळाला, बॅटरी उतरली, इंजिन बसले, तर ती यांत्रिक नादुरुस्ती. तिच्यासाठी रस्त्यावरील साहाय्याची वेगळी पुरवणी घ्यावी लागते.

मोटारधारकाला हल्ली पर्याय भरपूर आहेत. वाहन उत्पादक, विमा कंपन्या आणि स्वतंत्र सेवा पुरवठादार वार्षिक वर्गणीवर ही सेवा देतात. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनने तर सभासदांसाठी ती अनेक दशके चालविली आहे. वर्गणी भरण्यापूर्वी फुकट टोइंगची किलोमीटर मर्यादा, वर्षातून किती वेळा सेवा आणि द्रुतगती मार्गावर सेवा मिळते की नाही, हे तपासावे. टाटा, अशोक लेलँड यांसारखे उत्पादक अवजड वाहनांनाही चोवीस तास साहाय्य देतात. त्यात मुख्यतः मेकॅनिक आणि सुटे भाग जागेवर पोहोचतात. उलटलेले वाहन उभे करणे त्यात सहसा येत नाही.

क्रेन येईपर्यंत

वाहन बिघडतेय अशी शंका येताच, ते चालते आहे तोवर डावीकडे घ्यावे. पुढच्या फाट्यापर्यंत रेटू, हा मोह टाळावा. थांबल्यावर धोक्याचे दिवे लावावेत आणि परावर्तक त्रिकोण वाहनाच्या बराच मागे, वळण असेल तर वळणाच्या अलीकडे ठेवावा. तो ठेवायला जाताना रस्त्यावरून नव्हे, कठड्याच्या पलीकडून चालावे. प्रवाशांनी गाडीत बसून राहू नये आणि गाडीच्या मागे तर मुळीच उभे राहू नये. कठड्याबाहेर, वाहनापासून काही अंतर मागे जाऊन थांबावे, म्हणजे धडक बसली तरी पुढे फेकले गेलेले वाहन अंगावर येणार नाही. द्रुतगती मार्गावर उजव्या बाजूचे चाक स्वतः बदलण्याचे साहस करू नये. पाऊस आणि धुके असताना तर नाहीच.

अपघात असेल तर वाहन हलविण्यापूर्वी चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. पंचनाम्याला आणि विम्याच्या दाव्याला ती लागतात. जखमींना मदत करणाऱ्याला पोलीस चौकशीचा त्रास होऊ नये म्हणून २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ द्वारे संरक्षण दिले आहे. तेव्हा थांबायचे असेल तर खुशाल थांबावे, मात्र स्वतःची गाडी अपघाताच्या बरीच पुढे, मार्गिकेबाहेर उभी करून. शेडुंगला मदतीसाठी थांबलेली मोटारही धडकेत सापडली होती.

ट्रकचालक त्रिकोणाऐवजी झाडाच्या फांद्या आणि मोठे दगड रस्त्यावर मांडतात. दिवसा ते दिसतात, रात्री दिसत नाहीत. ट्रक दुरुस्त होऊन निघून जातो आणि चाकामागचे ते दगड तिथेच राहतात. पहाटे तिथून जाणाऱ्या दुचाकीस्वाराला ते दिसतात तेव्हा ब्रेक लावायलाही अंतर उरलेले नसते. म्हणून क्रेनवाल्याला पैसे चुकते करण्यापूर्वी त्याच्याकडून दगड उचलून घ्यावेत आणि सांडलेल्या डिझेलवर माती टाकून घ्यावी.